आजींचा आणि बाळाचा हात एकाच साच्यात घ्यायचा असेल तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. सात महिन्यांच्या मुलीच्या हाताचा साचा तुम्ही तयार किट आणून घरीच घेतला. प्लास्टर मोकळं केल्यावर पाहता तर दोन बोटांची टोकंच नाहीत, आणि वरचा थर सोलताना अंगठाही तुटला. आता तुम्हाला 84 वर्षांच्या आजींचा आणि मुलीचा हात एकत्र घ्यायचा आहे. आजींना संधिवात आहे, हात थोडा थरथरतो. आणि तुम्ही विचारलंय, याहून चांगली भुकटी, म्हणजे साच्यासाठी पाण्यात कालवतात ते अल्जिनेट, कोणती? आणि हे घरी करावं की कुणाला बोलवावं?

भुकटीबद्दल सांगते, पण तुमची अडचण भुकटीची नाही. टोकं गेली ती हवा अडकल्यामुळे, अंगठा गेला तो घाईमुळे. आजींच्या बाबतीत तर खरा प्रश्न वेगळाच आहे: तो हात कुठल्या स्थितीत, किती वेळ, न दुखता राहू शकतो? आणि साचा घट्ट झाल्यावर त्यातून बाहेर कसा येणार? मी गेली 14 वर्षं हातांचे साचे घेते. माझे जे साचे बिघडले त्यांतले बहुतेक बादलीत पाणी पडायच्या आधीच बिघडलेले होते, कारण पकड नीट ठरवलेली नव्हती.

आधी झालेल्या नुकसानाचं पाहू. अल्जिनेटच्या मिश्रणाच्या बादलीत हात वरून खाली जातो, म्हणजे ते घट्ट होऊन हात काढल्यावर उरलेल्या साच्यात बोटांची टोकं सगळ्यात खाली असतात. मनगटाच्या बाजूने प्लास्टर ओतलं की ते आपोआप टोकापर्यंत पोचेल असं वाटतं. सरळ बोटात पोचतंही. पण बाळाची मूठ मिटलेली असते. तिची बोटं खाली जाऊन पुन्हा वर वळतात आणि बोटाचं टोक वरच्या दिशेने बंद झालेल्या खिशासारखं होतं. पेला उलटा धरून पाण्यात दाबला तर आत हवा अडकते, तसंच इथे होतं. वरून कितीही प्लास्टर ओता, ती हवा हलत नाही.

यावर उपाय सोपा आहे, फक्त धीर हवा. पहिलं ओतणं चार-पाच चमच्यांचंच करायचं आणि तेही जरा पातळ. मग साचा दोन्ही हातांत धरून चारही बाजूंना इतका कलता करायचा की जवळजवळ आडवा व्हावा. मुठीची टोकं ज्या बाजूला असतील त्या बाजूला जास्त वेळ. आत बारीक बुडबुडा फुटल्याचा आवाज येतो, तो ऐकू येईपर्यंत मी थांबते. मग पुन्हा थोडं ओतायचं, पुन्हा फिरवायचं, आणि शेवटी साचा भरून बादलीला बाहेरून तीन-चार मिनिटं हलक्या चापट्या मारत राहायचं. साचा घ्यायच्या आधी हाताचे दोन-तीन फोटो काढून ठेवा. ओतताना कुठलं बोट कुठे वळलंय हे साच्याच्या काळ्या भोकाकडे बघून आठवत नाही.

अंगठ्याचं कारण वेगळं. जिप्समचं ओतकाम, म्हणजे साच्यात ओतून बनलेला प्लास्टरचा हात, बोटांना टणक लागलं तरी ओलं असेपर्यंत त्याची ताकद पूर्ण वाळलेल्या ओतकामाच्या निम्म्याच्या आसपास असते. बाळाचा अंगठा पेन्सिलीएवढा, त्यात तो ओला. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत एका नवजात बाळाची करंगळी माझ्या हातून अशीच गेली. आईवडील त्याच संध्याकाळी न्यायला येणार होते, म्हणून मी दीड तासात सोलायला घेतलं. ती करंगळी चिकटवून, घासून मी परत दिली, पण जोड मला दिसत होता आणि मी त्यांना तो दाखवलाही. तेव्हापासून मोठ्या माणसांचं ओतकाम दोन-तीन तासांनी उघडते आणि बाळाचं ओतकाम मात्र वर ओलं फडकं घालून, झाकण लावून रात्रभर ठेवते. उघडं ठेवलं तर अल्जिनेट आकसतं आणि तेच बारीक बोटांना ओढतं. सोलताना सुरी नको. बोटांनी तुकडे तुकडे तोडायचे, बारीक जागी लाकडी काडी वापरायची, आणि जे बोट मोकळं करताय त्याला दुसऱ्या हाताचा आधार द्यायचा.

तुमच्याकडे तुटलेला अंगठा अजून असेल तर टाकू नका. दोन्ही भाग पूर्ण वाळल्यावर झटपट चिकटणाऱ्या गोंदाच्या एका थेंबाने तो बसतो. ओतकामावर आणखी काय दिसतंय तेही बघा. पृष्ठभागावर बारीक गोळे असतील तर बुडबुडे अल्जिनेटमध्ये राहिले होते आणि प्लास्टरने ते भरून काढले. गोळे टोकदार सुईने अलगद खरवडता येतात. खड्डे असतील तर बुडबुडे प्लास्टरमध्ये होते. ती जागा ओली करून त्यात प्लास्टरची लापशी ब्रशने भरायची. पुढच्या वेळी काय सुधारायचं हे यावरून कळतं, म्हणून बिघडलेलं ओतकाम मी लगेच फेकत नाही.

आता पकड. इथे सावकाश वाचा.

हातात हात घेतलेली स्थिती अवघड वाटते, पण ओतकाम म्हणून ती उघड्या पंजापेक्षा मजबूत असते. जिथे कातडी कातडीला टेकते तिथे अल्जिनेट शिरत नाही, त्यामुळे ओतकामात त्या दोन जागा एकसंध होतात. मुलीच्या मुठीत आजींचं बोट असेल तर मूठ आणि बोट मिळून एकच जाड तुकडा बनतो. मोडतं ते हवेत एकटं राहिलेलं बोट. म्हणून तुमच्यासाठी मी सुचवेन ती पकड अशी: आजींचा हात सैल, खाली सोडलेला. त्यांचं जे बोट सगळ्यात कमी दुखतं ते मुलीच्या मुठीत. बाकीची बोटं नैसर्गिकपणे एकमेकांना टेकलेली.

मुलीच्या वयाचाही विचार करा. नवजात बाळाच्या तळहाताला बोट लावलं की मूठ आपोआप मिटते. ही प्रतिक्षिप्त क्रिया साधारण पाचव्या-सहाव्या महिन्यापर्यंत ओसरते. सात महिन्यांची मुलगी स्वतःच्या मनाने धरते आणि स्वतःच्या मनानेच सोडते. तिच्याकडून तुम्हाला एक मिनिट मिळेल, कदाचित दीड. झोपेत घ्यावं का, असं बरेच जण विचारतात. एकट्या बाळाचा हात झोपेत छान निघतो, पण झोपेत पकड ढिली पडते, त्यामुळे दोघींचा एकत्र घेताना ती जागी, पोट भरलेली आणि आईच्या मांडीवर असलेली बरी.

दोघी बादलीच्या एकाच बाजूला, शेजारी शेजारी बसायला हव्यात. समोरासमोर बसलं की दोन हात विरुद्ध दिशांनी येतात आणि मनगटं वाकतात. आजींची खुर्ची त्यांच्या नेहमीच्या उंचीची, बादली बुटक्या स्टुलावर, कोपराखाली उशी. खांदा वर उचललेला दिसला तर थांबा, बादलीची उंची चुकली आहे.

आणि मग तालीम, तीही पाण्यात. बादलीत साधं कोमट पाणी घ्या, दोघींचे हात ठरलेल्या पकडीत मनगटाच्या वर चार बोटं बुडतील इतकं. पाण्याची पातळी बाहेरून खुणेने दाखवून ठेवा. टोकं तळाला किंवा कडेला लागत नाहीत ना बघा, कारण जिथे बोट बादलीला टेकतं तिथे साच्याला भोक पडतं. घड्याळ लावून पाहा, आजी कधी हात हलवतात, मुलगी कधी सोडते. हात बाहेर काढल्यावर बादलीत उरलेलं पाणी मोजा. साधारण तेवढंच मिश्रण तुम्हाला लागणार आहे. एवढ्या एका तालमीत बादलीचा आकार, मिश्रणाचं माप, बसण्याची सोय आणि मुलीची ओल्या बादलीशी ओळख, चारही कामं होतात. मी ही तालीम कधीच टाळत नाही, माणूस कितीही सवयीचा असला तरी.

पकडीचं महत्त्व जुन्या लोकांनाही माहीत होतं. शिल्पकार लिओनार्ड व्होल्क यांनी 1860 च्या मे महिन्यात अब्राहम लिंकन यांच्या हातांचे साचे घेतले, राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी मिळाल्यानंतर लगेच. अभिनंदनाला आलेल्या लोकांशी हस्तांदोलन करून करून लिंकन यांचा उजवा हात सुजला होता. व्होल्कना त्या हातात काहीतरी धरलेलं हवं होतं, तेव्हा लिंकन स्वतः जाऊन झाडूच्या दांड्याचा तुकडा कापून घेऊन आले. ती सूज त्या ओतकामात आजही दिसते आणि मुठीत तो तुकडाही आहे. हाताला धरायला काही असलं की तो हात स्थिर होतो. आजींच्या बाबतीत हे फार उपयोगाचं आहे. थरथर मात्र सगळ्यांची सारखी नसते. काहींचा हात मांडीवर टेकलेला असताना थरथरतो आणि काही धरलं की थांबतो. काहींचं नेमकं उलट, टेकला की शांत, उचलला की थरथर. आजींचं कुठलं आहे ते दोन दिवस बघा. दिवसाच्या कुठल्या वेळी, औषधानंतर किती वेळाने हात मोकळा असतो तेही बघा, आणि साचा त्याच वेळेला ठेवा.

संधिवाताने वाकलेली बोटं सरळ करायचा प्रयत्न करू नका. एकदा एक बाई वडिलांना घेऊन आल्या होत्या. पक्षाघातानंतर त्यांचा डावा हात मिटलेला होता आणि बाईंना तो उघडा हवा होता, पूर्वीसारखा. मी बोटं हलकेच सोडवून पाहिली आणि वडिलांच्या चेहऱ्याकडे पाहून थांबले. मग त्या मिटलेल्या मुठीत बाईंनी आपली दोन बोटं सरकवली आणि तसाच साचा घेतला. ओतकाम साफ करताना वडिलांच्या अंगठ्याच्या नखावरच्या उभ्या रेघा आल्या, मुठीच्या कडेला जुन्या जखमेचा व्रण आला, आणि बाईंच्या बोटावर त्यांच्या अंगठ्याचा दाब पडून कातडी जिथे किंचित फुगली होती तो फुगवटाही आला. हात मिटलेला असूनही त्याने धरलं होतं, हे त्या फुगवट्यात दिसत होतं. तुमच्या आजींची सुजलेली पेरं येऊ द्या. त्याच हाताने त्यांनी तुम्हाला मोठं केलंय.

अंगठी पेरामुळे निघत नसेल तर राहू द्या, साध्या कड्याचा ठसा सुरेख येतो. खडा उंच बसवलेला असेल तर त्याभोवती थोडं व्हॅसलीन. बांगड्या मात्र काढा. त्यांच्या आतून अल्जिनेट शिरतं आणि हात बाहेर काढताना साचा फाटतो. वयस्कर माणसांची कातडी पातळ असते, म्हणून उघडी जखम किंवा सुईची ताजी जागा असेल तर ती भरेपर्यंत थांबा.

आता भुकटी. अल्जिनेट तपकिरी सागरी शेवाळातून मिळतं. 1881 मध्ये एडवर्ड स्टॅनफर्ड या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञाने ते शोधलं. दुसऱ्या महायुद्धात जपानमधून येणारं अगर (ठशांसाठी वापरलं जाणारं, शेवाळातूनच मिळणारं दुसरं द्रव्य) मिळेनासं झालं तेव्हा दातांचे ठसे घ्यायला अल्जिनेटचा वापर वाढला. दातांचा ठसा दोन-तीन मिनिटांत तोंडाबाहेर यायला हवा, त्यामुळे दंतवैद्यांकडची भुकटी घाईने बसणारी असते. हातांसाठी विकली जाते ती सहसा सावकाश बसते. तुम्हाला हीच दुसरी हवी, पण अतिसावकाश नको. मुलीचा दीड मिनिटांचा धीर आणि आजींना आरामात बसवायला लागणारा वेळ, या दोन्हींच्या मधलं काहीतरी. हात बुडवल्यापासून साधारण दीड-दोन मिनिटांत पकडेल अशी.

ही वेळ पाकिटापेक्षा पाण्यावर जास्त ठरते. पाणी उबदार तर मिश्रण लवकर बसतं, गार तर उशिरा. पाणी जड असेल, म्हणजे त्यात कॅल्शियम जास्त असेल, तरीही लवकर बसतं, कारण कॅल्शियमनेच अल्जिनेटचे धागे एकमेकांना बांधले जातात. वेळ वाढवायला थंडगार पाणी घ्या, असं सर्रास सांगितलं जातं. तरुण हातांसाठी ठीक आहे, पण संधिवाताच्या हातासाठी मी ते करत नाही. गार मिश्रणात पेरं आखडतात आणि मग हात हलतो. सावकाश बसणारी भुकटी आणि हाताला गार न लागणारं पाणी, हा मार्ग घ्या. तुमच्या घरच्या पाण्यात ती किती वेळात बसते ते एका वाटीत आदल्या दिवशी करून पाहा. भुकटी आणि पाण्याचं प्रमाण पाकिटावरचंच घ्या आणि ते वजनाने मोजा, कपाने नको.

मिश्रण दुसऱ्या खोलीत करा, मास्क लावून. ही भुकटी बारीक असते, तिच्यात सिलिकाही असू शकतो आणि बाळाने ती हुंगू नये. ड्रिलला रंग ढवळायचं पातं लावून पाऊण-एक मिनिट पुरे. बादली आणल्याबरोबर थोडं मिश्रण हातांवर, बोटांच्या बेचक्यांत, नखांच्या कडेने चोळा, मग बुडवा. हे चोळणं राहिलं की बेचक्यांत बुडबुडे राहतात. पृष्ठभागावर बोट दाबलं आणि ते उसळून परत आलं की साचा तयार. आता ओढायचं नाही. बोटं आतल्या आत हळूहळू हलवायची, कडेने हवा शिरते, फुस्स असा आवाज येतो आणि हात सुटतो. आधी मुलीचा हात, मग आजींचा. मुलीने मध्येच हात ओढून घेतला तर चिडू नका, आजींचा हात आत राहू द्या. एकटा त्यांचा हातही मोलाचा आहे. खरं तर मी तुमच्या जागी असते तर पहिल्या दिवशी एकट्या आजींचाच साचा घेतला असता आणि दोघींचा नंतर.

एक गोष्ट ठळकपणे: हात थेट प्लास्टरमध्ये कधीही बुडवायचा नाही. प्लास्टर घट्ट होताना तापतं, जाड थरात 60 अंश सेल्सिअसपर्यंत जाऊ शकतं, आणि तोवर ते इतकं कडक झालेलं असतं की हात निघत नाही. 2007 मध्ये इंग्लंडमधल्या एका शाळेत हाताचं शिल्प करताना एका 16 वर्षांच्या मुलीने असे हात घातले आणि तिची बहुतेक बोटं काढून टाकावी लागली. जुने शिल्पकार कातडीवर प्लास्टर लावत, तुम्ही ते करायचं नाही. त्वचेला अल्जिनेट, आणि प्लास्टर फक्त रिकाम्या साच्यात.

ओतायला मी साध्या प्लास्टरऐवजी डेंटल स्टोन वापरते. दोन्ही जिप्समच, पण स्टोनचे कण घट्ट असल्याने त्याला पाणी कमी लागतं. 100 ग्रॅमला साधारण 30 मिलिलिटर, प्लास्टरला 45 ते 50. रासायनिक क्रियेला खरंतर 19 च्या आतच पुरतं. उरलेलं पाणी वाळून जातं आणि मागे छिद्रं ठेवतं, म्हणून जास्त पाणी म्हणजे कमजोर बोटं. भुकटी पाण्यात शिंपडत टाका, एक मिनिट भिजू द्या, मग सावकाश ढवळा. फेटलं की हवा शिरते. हात निघाल्यावर साचा फार वेळ रिकामा ठेवू नका, तो लगेच आकसायला लागतो. उरलेलं प्लास्टर मोरीत ओतू नका, ते पाइपातच दगड होतं.

वाळवणं हा सगळ्यात कंटाळवाणा भाग आहे आणि तिथेच बऱ्याच जणांचं चांगलं काम बिघडतं. वरून कोरडं दिसलं म्हणून रंग दिला की आतली ओल अडकते, रंग पोपडतो, कधी बुरशी येते. वजनकाट्यावर ठेवून दर दोन दिवसांनी वजन लिहा. सलग तीन वेळा तेच वजन आलं की वाळलं. मुठीएवढ्या ओतकामाला दोन-तीन आठवडे धरून चाला. पंखा चालेल, भट्टी नको. 45 अंशांच्या वर गेलं की जिप्सम स्वतःचंच पाणी सोडायला लागतं आणि पृष्ठभाग पिठासारखा होतो. नंतर पाण्यात मिसळणारं मॅट सीलर लावा. तरी ते धुवायचं नाही. लिटरभर पाण्यात जिप्सम साधारण 2 ग्रॅम विरघळतो, आणि आधी विरघळतात त्या बोटांच्या बारीक रेषाच.

भावंडांनाही प्रत हवी असेल तर लक्षात ठेवा, अल्जिनेटचा साचा एकदाच चालतो. वाळलेल्या ओतकामावरून सिलिकॉनचा साचा करता येतो आणि त्यातून पुढे हव्या तितक्या प्रती. ते काम मात्र अनुभवी माणसाकडून करून घ्या, कारण तिथे मूळ ओतकामच पणाला लागतं.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न: घरी करावं की कुणाला बोलवावं? शिल्पकार हॅरिएट हॉसमर यांनी 1853 मध्ये रोममध्ये एलिझाबेथ आणि रॉबर्ट ब्राउनिंग या कवी दांपत्याच्या हातात हात घेतलेल्या पंजांचा साचा घेतला, तेव्हा एलिझाबेथ यांची अट होती की साचा हॉसमर यांनी स्वतःच घ्यायचा, साचे करणाऱ्या कारागिराने नाही. मला ती अट समजते. आजींचा हात धरणारं माणूस ओळखीचं असलं की तो हात सैल पडतो. म्हणून बाहेरून कुणाला बोलावलंत तरी पकड तुम्ही ठरवा, तालीम तुम्ही घ्या, आणि मिश्रण आजींच्या बोटांना चोळायचं कामही तुमच्याच हातांनी करा. ढवळणं आणि ओतणं त्यांच्यावर सोपवलं तरी चालेल. मात्र सगळ्याच्या आधी आजींना हे का हवंय ते सांगून विचारा. त्या नको म्हणाल्या तर तिथेच थांबायचं.

हो म्हणाल्या, तर पाण्यातली तालीम करा आणि दोन गोष्टी लिहून कळवा: आजींचं कुठलं बोट सगळ्यात कमी दुखतं, आणि मुलीने ते किती सेकंद धरून ठेवलं. त्यावरून भुकटीची वेळ आणि बादलीचा आकार नेमका सांगता येईल.